बीट, रक्त आणि दोन सेकंद

बीट खाल्ले की रक्त वाढते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. रंग लाल म्हणून रक्त! खरे तर तो रंग बीटालेन या रंगद्रव्याचा. बिटात लोह अगदी बेताचे, १०० ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमही नाही. पण म्हणून बीट बिनकामाचे ठरत नाही. त्याचा गुण वेगळाच आहे, आणि तो आहे नायट्रेटचा.

हे सारे वाचायला कारण घडले ते असे. आमच्या सोलापुरात पूर्व भागात घरोघरी बायका विड्या वळतात. त्यांतल्याच एकीची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते आहे. मुलींना ८०० मीटर पळावे लागते. आई बिटाच्या पावडरीची किंमत विचारून आली होती. "बाई, रक्त वाढतं, दम वाढतो म्हणतात. घेऊ का?" किंमत म्हणजे चार-पाच हजार विड्यांची मजुरी.

नायट्रेट पोटातून रक्तात जाते आणि लाळेवाटे पुन्हा तोंडात येते. जिभेवरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. ते गिळले की शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होते. रक्तवाहिन्या सैलावतात, स्नायूंचे काम थोड्या कमी प्राणवायूत भागते. हा वायू शरीरात निरोप्याचे काम करतो, या शोधाला १९९८ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. गंमत म्हणजे जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरली तर हे जिवाणूच मरतात आणि फायदा बुडतो.

२००९ मध्ये इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठातील संशोधकांनी आठ पुरुषांना सहा दिवस रोज अर्धा लिटर बिटाचा रस दिला. जोरात सायकल चालवताना ते थकून थांबेपर्यंतचा वेळ सुमारे १६ टक्क्यांनी वाढला. म्हणजे मुलगी १६ टक्के वेगाने पळेल का? नाही. थकेपर्यंत टिकणे वेगळे आणि शर्यतीची वेळ वेगळी. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये नायट्रेटला उपयोगी पूरकांच्या छोट्या यादीत घेतले खरे, पण शर्यतीतला फायदा १ ते ३ टक्केच सांगितला. ८०० मीटरला २०० सेकंद लागत असतील तर एक टक्का म्हणजे दोन सेकंद!

भरतीत दोन सेकंदांनीही गुण बदलू शकतात, म्हणून मी हसण्यावारी नेले नाही. पण बहुतेक प्रयोग पुरुषांवर झालेले. शिवाय प्रयोगांत साधारण ३५० ते ५०० मिलिग्रॅम नायट्रेट, पळण्याआधी दोन-तीन तास देतात. बाजारातली बिटाची उत्पादने तपासली तेव्हा हे प्रमाण कुठे भरपूर, कुठे जवळजवळ नाहीच असे निघाले. डब्यावर आकडा नसेल तर आपण नेमके काय विकत घेतो?

आणि रक्ताचे काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. प्राणवायू वाहून नेते ते हिमोग्लोबिन. तेच कमी असेल तर धाप लागणारच, आणि ती उणीव नायट्रेट भरून काढत नाही.

म्हणून मी त्या माउलीला सांगितले, आधी सरकारी दवाखान्यात मुलीचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. पावडरीचे पैसे तिच्या जेवणात घाला. बीट मंडईतून आणा. पालक, राजगिरा, मुळा, कोथिंबीर यांतही नायट्रेट असते. भाजी उकडून पाणी फेकले की बरेचसे त्याबरोबर जाते, म्हणून आपला गरगट्टा बरा, पाणी आटवून घोटलेला. बिटाने लघवी लालसर झाली तर घाबरू नका. आणि काही नवे करून बघायचे तर सरावात बघा, भरतीच्या दिवशी नको.

दोन सेकंदांची ओढ मला कळते. पण लाल रंगाला रक्त समजून खऱ्या रक्ताची तपासणी राहून गेली, तर ते दोन सेकंद फार महाग पडतील.