पित्त झालंय, दुसरं काही नाही!

दिवाळीच्या फराळाचे ताट समोर आले की माणसांचे सरळ दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग ताटाकडे पाहतो आणि खाऊ लागतो. दुसरा वर्ग आधी ताटाकडे पाहतो, मग घड्याळाकडे पाहतो, खिशातली गोळ्यांची पट्टी चाचपतो आणि 'आत्ताच चहा झाला हो' असे धडधडीत खोटे सांगतो. गेली अकरा वर्षे मी या दुसऱ्या वर्गात आहे. चकली मी खात नाही. खाल्लीच तर रात्री बारानंतर तीच मला खायला उठते.

दुखणे तसे सर्वांच्या परिचयाचे. जेवण झाल्यावर तासा-दीड तासाने छातीच्या मधोमध जळजळू लागते, घशाशी आंबट येते आणि आडवे झालो की ते थेट जिभेपर्यंत चढते. डॉक्टरांपाशी याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. आमच्या घरात मात्र एकच नाव, पित्त. हा शब्द आमच्याकडे मोठा ऐसपैस आहे. डोके दुखले, पित्त. अंगावर गांधी उठल्या, पित्त. घरधनी तोंड पाडून बसला, तर त्याचेही पित्तच खवळलेले! या एका शब्दाने आमच्या घराचा केवढा घात केला, ते पुढे सांगणार आहेच. पण आधी आमच्या गावाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण या दुखण्याला गावाची फूस आहे.

मी नागपूरचा. आमच्या जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, यावरून काय ते समजावे. सकाळी कस्तूरचंद पार्काजवळ पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री घेऊन माणसे दिवसाचा शुभारंभ करतात. मागावर बसणाऱ्या कोष्टी मंडळींच्या चुलीवरून निघालेला सावजी रस्सा आता सगळ्या शहराच्या मालकीचा झाला आहे. त्याचा पहिला घास घेतला की नाकडोळ्यांना पाणी सुटते, आणि पाहुण्याच्या डोळ्यांना ते सुटले नाही तर यजमानाला चैन पडत नाही. आम्हां पांढरपेशांच्या घरातही वडाभात असतो. डाळींचे तळलेले वडे भातावर कुस्करायचे आणि वर हिंग-मिरचीची कडकडीत फोडणी पळीपळीने ओतायची. हिवाळ्यात सांबारवडी. (कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, हे पुण्याकडच्या वाचकांसाठी.) बरे, या सगळ्यावर उतारा म्हणून थंडगार संत्रे खावे, तर तेही आंबट! ज्या गावाच्या संत्र्याची कीर्ती देशभर, त्या गावात राहून संत्र्याकडे पाठ करून बसण्याची पाळी माझ्यावर आली.

त्यात आमचा उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. ऊन उतरून, अंगणात पाणी मारून, कूलर भरून माणूस माणसात येईतो आठ वाजतात. मग पाने मांडायला साडेनऊ आणि हात धुवायला दहा. ही सवय पुढे बाराही महिने टिकते. जेवण झाले की साडेदहाला आम्ही आडवे.

दुखणे जाहीर झाल्यावर सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली. शेजारच्या काकूंनी थंड दूध सांगितले. ते पिताना छातीवरून मोरपीस फिरल्यासारखे वाटते. पण दुधाने जठराला पुन्हा आम्ल सोडण्याची चेतना मिळते आणि तासाभराने जळजळ व्याजासह परत येते. मोठ्या साडूंनी पुदिन्याचा काढा पाजला. पुढे कळले, की पुदिना पोटाला गार वाटला तरी अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू तो सैल करतो; म्हणजे चोरासाठी दार उघडून ठेवण्यातला प्रकार! बैद्यनाथ चौक ज्या गावात आहे त्या गावात चूर्णांना काय तोटा? मोरावळा झाला, ज्येष्ठमध झाले, अविपत्तिकर चूर्ण झाले. एका वैद्यबुवांनी माधवनिदान काढून दाखवले. त्यात अम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि वर जाणारे व खाली जाणारे असे त्याचे दोन भेद केले आहेत. माझे वर जाणारे निघाले. शतकांपूर्वी कोणी तरी आपले दुखणे इतके नेमके लिहून ठेवले आहे, याने मला फार बरे वाटले. छातीला मात्र तितकेसे वाटले नाही. वैद्यबुवा म्हणाले होते, "औषधापेक्षा वेळेवर जेवा." ते तेवढे मी ऐकले नाही, कारण ते फुकटचे होते.

मग आली गोळी. डॉक्टरांनी ती चार आठवड्यांसाठी लिहून दिली होती. मी ती सहा वर्षे खाल्ली. औषधाच्या दुकानदाराने कधी कागद मागितला नाही आणि मी कधी दाखवला नाही. शिवाय खायची कशी, तर चहा-पोहे आटोपल्यावर. जठराच्या भिंतीत आम्ल सोडणारे बारीक पंप असतात. अन्न आले की ते कामाला लागतात आणि गोळी कामाला लागलेल्या पंपांनाच बंद करते. म्हणून ती न्याहारीच्या अर्धा-पाऊण तास आधी पोटात जावी लागते. सहा वर्षे मी गाडी सुटल्यावर फलाटावर पोचत होतो! आणि इतकी वर्षे ती आपल्या मनाने खात राहिले, तर शरीरातले बी-१२ जीवनसत्त्व घटू शकते, हेही मला ठाऊक नव्हते. आम्ही शाकाहारी, आमच्याकडे ते आधीच बेताचे.

आता ती रात्र सांगतो. तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आठवड्यातच, पुतण्याकडे वडाभाताचे जेवण होते. दहाला जेवलो, साडेअकराला निजलो आणि दीड वाजता जागा झालो. छातीत नेहमीची आग होतीच. पण या वेळी डाव्या खांद्यात काही तरी अवघडल्यासारखे होते आणि कपाळ ओले लागत होते. ही उठून बसली. मी म्हणालो, "पित्त झालंय, दुसरं काही नाही. जरा सोडा दे."

ती स्वयंपाकघरात गेली. पेल्यावर चमचा वाजल्याचे मी ऐकले. मग चमचा थांबला.

हे नीट कळायचे तर १९७८ सालात जायला हवे. तेव्हा आम्ही महालातल्या जुन्या घरी राहत होतो. आमच्या लग्नाला वर्षही झाले नव्हते. अशाच एका रात्री माझे वडील छाती चोळत माजघरात आले आणि म्हणाले, "पित्त झालंय, दुसरं काही नाही." नव्या सुनेने सोड्याचा पेला त्यांच्या हातात दिला. त्यांना ढेकर आली, बरे वाटले म्हणाले, लोडाला टेकून बसले. आम्हीही निर्धास्त झालो. पहाटे दूधवाल्याने हाक मारली तेव्हा ते गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्यांचे वय एकोणसाठ होते.

गंमत पाहा, आम्ल कमी करणारे पहिले मोठे आधुनिक औषध, सिमेटिडिन, १९७६ साली इंग्लंडात विक्रीला आले आणि त्याच्यामागच्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी ते आमच्या घरी असते तरी काय उपयोग होता? वडिलांना पित्ताचे औषध नकोच होते. त्यांना हवी होती एक टांगा नाही तर रिक्षा, आणि 'हे पित्त नाही' असे म्हणणारे एक माणूस.

ते माणूस पंचेचाळीस वर्षांनी आमच्या स्वयंपाकघरात उभे होते. पेला ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. ही माझ्याकडे आलीच नाही. सरळ मुलाच्या खोलीशी गेली. "ऊठ, गाडी काढ. बाबांना दवाखान्यात नेऊन राहिलो आपण. आत्ता." मी कुरकुरलो. तिने माझ्याकडे असे पाहिले, की मी मुकाट्याने चपला घातल्या.

हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले, काही तासांनी पुन्हा तपासले. हृदय ठणठणीत निघाले. खांदा फराळाचे डबे माळ्यावरून काढताना अवघडला होता! उजाडता उजाडता मी त्या तरुण डॉक्टरांपाशी ओशाळून म्हणालो, "उगाच सगळ्यांची झोपमोड केली." ते म्हणाले, "काका, हृदय आणि अन्ननलिका यांच्या वेदना मेंदूकडे जवळजवळ एकाच वाटेने जातात. नुसतं ऐकून मलाही फरक सांगता येत नाही, म्हणून तर यंत्रं ठेवलीत. छातीत दुखून घाम आला, हाताकडे किंवा जबड्याकडे कळ गेली, की यायचं. रिकाम्या हातानं परत जाण्यासारखी चांगली गोष्ट नाही."

बाहेर बाकावर ही बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "त्या दिवशी मी सोडा दिला नसता तर?" इतक्या वर्षांत हा प्रश्न तिने एकदाही तोंडातून काढला नव्हता. तो तिच्या मनात आहे, हे माझ्याही कधी ध्यानात आले नव्हते. मी म्हणालो, "सोड्यानं ते गेले नाहीत. वाट पाहण्यानं गेले. आणि वाट पाहायला आपण सगळेच बसलो होतो." तिने पदराने डोळे पुसले. मग आम्ही घरी आलो.

त्यानंतर मी शहाण्यासारखा रामदासपेठेतल्या पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. दुर्बिणीची नळी गिळली. व्रण नव्हता, काही भलते नव्हते. गिळताना अडकणे, वजन आपोआप उतरणे, काळी शौचास होणे, यांपैकी काही असेल तर ही तपासणी मुळीच लांबवू नये, असे त्यांनी बजावले. म्हणाले, "तुमचं आम्ल चांगलं आहे, ते अन्न पचवण्यासाठीच आहे. दाराची कडी सैल झाली आहे." अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूचे एक कडे असते, ते नीट मिटत नाही म्हणून आम्ल वर येते. गोळी आम्ल कमी करते. कडी घट्ट करत नाही. कडीवरचा भार आपणच कमी करायचा.

उपाय सगळे बिनपैशाचे. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सहा-सहा इंचांचे लाकडी ठोकळे. (नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडते आणि उलटेच होते.) वजन कमी, माझ्या पट्ट्याला आत दोन नवी भोके पाडावी लागली. निजायचे डाव्या कुशीवर, म्हणजे आम्ल जठराच्या खोलगट भागात राहते. आपल्या वाडवडिलांची वामकुक्षी ती हीच, फक्त जेवणावर लगेच नव्हे! गोळीही डॉक्टरांनी एकदम न तोडता हळूहळू कमी केली, कारण अचानक सोडली तर आम्ल उसळून येते. आणि शेवटचे, सर्वांत अवघड: जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर.

अवघड का, तर आमच्या घरात रात्रीचे जेवण हे एकच जेवण असे, की जिथे पाचही जण एकत्र असत. मुलगा मिहानमधल्या कचेरीतून साडेसातला येतो, नात शिकवणीहून येते, आणि साडेनऊच्या पानावर दिवसाचे भांडण, हसणे, हिशेब सगळे होत असे. महिनाभर मी सातला एकटा जेवलो. मुगाची खिचडी, दुधीची भाजी, आणि समोर भिंत. छाती शांत झाली. पण साडेनऊला आतून हसण्याचे आवाज येत आणि मी खोलीत वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचत असे. औषध लागू पडले होते आणि मला ते नकोसे झाले होते.

एके दिवशी आठला सुनेने पाच पाने मांडली. कोणी काही जाहीर केले नाही. नातीने शिकवणीची वेळ बदलून घेतली होती, मुलगा आल्या आल्या हातपाय धुऊन पाटावर आला. मी आता अकराला निजतो. हिशेब बरोबर बसतो. तिखट त्यांच्या वाटीत वेगळे, माझे वरण साधे. वडाभात महिन्यातून एकदा, दुपारी, आणि तेलाच्या पळीवर हिची नजर.

यंदाचे फराळाचे ताट मी संध्याकाळी पाचला घेणार आहे, एक अनारसा आणि अर्धी चकली. 'पित्त' हा शब्द मात्र आमच्या घरात आता उच्चारायचा नाही असा दंडक आहे. परवा मी नुसता छातीवर हात ठेवला, तर बारा वर्षांची नात लगेच समोर उभी. "आबा, कुठे दुखून राहिलं? हातात येते का? घाम आहे का?" मी म्हणालो, "नाही ग, सदऱ्याचं बटण तुटलंय." तिने बटण पाहिले, कपाळाला हात लावून पाहिला, आणि मगच आजीला आत जाऊन सांगितले, की काही नाही.