जिनची पारख

आपल्या मासिकांतून मद्याविषयीं जें लिहिलें जातें, तें एक तर निषेधाचें असतें, नाहीं तर कवित्वाचें. तें पारखून कसें घ्यावें, याविषयीं मात्र सभ्य माणसें सहसा मौन धरतात. आमच्या सांडोरला हें मौन निभणें कठीण. वसईकडच्या ख्रिस्ती घरांत लग्न निघालें कीं पाहुण्यांच्या हातीं पेला जायचाच, आणि जुन्या रीतीप्रमाणें तो खिमाडाचा. दालचिनी, लवंग, वेलची आणि साखर घालून कढविलेली गांवठी दारू, वाफ निघत असतांनाच छोट्या पेल्यांतून फिरवायची, ही ती रीत.

माझ्या पुतणीनें आपल्या लग्नांत खिमाडाऐवजीं जिनचें कॉकटेल ठेवण्याचें बोलून दाखविलें, आणि घरांत दोन तट पडले. मुंबईचे तिचे स्नेही खिमाडाला नाक मुरडतील, हें तिचें म्हणणें. ज्या मांडवांत खिमाड नाहीं त्या मांडवांत आपलें काम काय, हें आमच्या आत्याचें. तीन दिवस दोघी एकमेकींशीं बोलल्या नाहींत. अखेर जिन निवडण्याचें काम मजकडे आलें. मी महागांतली महाग बाटली आणीन अशी पुतणीची अपेक्षा, तर सगळ्याच नापास करीन अशी आत्याची.

जिन म्हणजे धान्याच्या वा मळीच्या शुद्ध मद्यार्कांत ज्युनिपरचीं फळें आणि इतर सुगंधी द्रव्यें उतरविलेलें पेय. ज्युनिपरचा वास मुख्य हवा, बाकीचा मसाला करणाराच्या मर्जीचा. ‘लंडन ड्राय’ हें स्थळाचें नांव नसून पद्धतीचें आहे. सुगंध ऊर्ध्वपातनांतच उतरवायचा, मागाहून घालायचा नाहीं, आणि साखर लिटरला ०.१ ग्रॅमहून अधिक चालत नाहीं. फार वर्षें आपल्याकडे चांगली जिन म्हणजे विलायती जिन असेंच समीकरण होतें. तें अलीकडे गोव्यानें मोडलें. २०१७ सालीं तेथून ‘ग्रेटर दॅन’ निघाली, २०१८ सालीं त्याच मंडळींची ‘हपुसा’ आणि दुसऱ्या एका भट्टीची ‘स्ट्रेंजर अँड सन्स’. यांतील ‘हपुसा’ हें नांव पाहून मला विशेष मौज वाटली. ‘हपुषा’ हा आयुर्वेदांतला जुना शब्द, आणि या बाटलींतलें ज्युनिपर हिमालयांतलें. या तिन्ही बाटल्या मीं आणल्या, अर्थात् परवाना दाखवून. १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा तेवढा धागा महाराष्ट्रांत अजून तुटलेला नाहीं.

पारख करतांना बर्फ घालूं नये. थंडीनें वास दबतो आणि दोषही झांकले जातात. समभाग साधें पाणी घालून तिन्ही पेले मीं ओटीवर मांडले. आत्या जिनला शिवत नाहीं. परंतु तिनें आयुष्यभर दर उन्हाळ्यांत बाटली मसाल्याचे जिन्नस निवडले, भाजले आणि कुटवून घेतले आहेत. ती पेला ओठांना न लावतां नुसता नाकाशीं धरी. ‘स्ट्रेंजर’ हुंगून ती चटकन् म्हणाली, “यांत मिरीं आहेत, आणि जायपत्री.” बाटलीवर तसेंच छापलें होतें! ‘हपुसा’कडे ती जरा वेळ थांबली आणि हळद म्हणाली, तेंही खरें निघालें. ‘ग्रेटर दॅन’मध्यें तिला धने आणि बडीशेप लागली, पण “ही गरीब आहे,” असा तिनें शेरा मारला.

नुसती प्यायची तर मीं ‘हपुसा’च घेतली असती. मातीचा वास, कैरीचा झणका. एक घोट घेतला कीं बोलावेंसें वाटूं नये अशी ती आहे. पण आम्हांला हवी होती गिमलेटसाठीं. वाडींतलीं कागदी लिंबें तोडलीं आणि ६० मिलिलिटर जिन, २० लिंबाचा रस, १५ साखरेचा पाक या प्रमाणानें तिन्ही पुन्हा केल्या. आतां सगळा निकाल फिरला. ‘हपुसा’ लिंबाशीं भांडूं लागली. हळद आणि आंबट एकत्र आल्यावर तिचें कांहीं केल्या कॉकटेल होईना, औषध होई. ‘स्ट्रेंजर’ची मिरी शेवटीं जिभेवर रेंगाळे, टॉनिकच्या कडूपणाशीं ती उत्तम जमली, कारण तेथें क्विनिनला तोंड देणारें कोणी तरी हवेंच. आणि जी ‘गरीब’ ठरली होती ती लिंबाला जागा देऊन, ज्युनिपर आणि धने मागें उभे करून, अगदीं नीट उतरली. तिच्यांतलें लिंबू आमच्या वाडीचें आहे हें कळत होतें.

पुतणीला हा निकाल आवडला नाहीं. तिघींत स्वस्त तीच होती. पण पेला मात्र तिनें संपविला. आत्यानें तेवढ्यांत विचारलें कीं हें थंड पेय रात्रीं द्यायचें ना? मग दुपारीं, मांडवांत पहिलें पाऊल पडतांना पाहुण्यांना काय देणार? पुतणीनें कांहीं वेळ माझ्याकडे पाहिलें आणि म्हणाली, “खिमाड. पण साखर कमी.” साखरेवरून वाद पुन्हा पेटला तो अजून चालूं आहे. ‘हपुसा’ची बाटली तेवढी आत्यानें आपल्याकडे मागून ठेवली आहे, रिकामी झाली कीं धुऊन उन्हांत ठेवणार, चैत्राचा मसाला भरायला.