टपाल नसलेली तिकिटे

उदाहरणादाखल एक शीटलेट समोर घेऊ. सहा तिकिटे, सहा घुबडे, सगळ्यांवर ५०० फ्रँक अशी एकच किंमत. वर फ्रेंचमध्ये चाड देशाचे नाव. समासात एका कोपऱ्यात स्काउटचे चिन्ह आणि दुसऱ्या कोपऱ्यात रोटरीचे चाक. घुबडांचा स्काउटशी किंवा रोटरीशी काय संबंध, असा प्रश्न पडणाऱ्याने छापणाऱ्याचा हिशेब समजून घ्यावा: पक्ष्यांची तिकिटे जमवणारा, स्काउटची जमवणारा आणि रोटरीची जमवणारा, असे तीन गिऱ्हाईक एकाच कागदावर मिळतात. छपाई झकास आहे, मागचा गम एकसारखा आहे, दातेरी कडाही ठीक आहेत. दाते न पाडलेली आवृत्ती 'दुर्मीळ' म्हणून थोड्या चढ्या भावात वेगळी मिळते. भिंग लावा, परफोरेशन गेजवर ठेवा, अतिनील दिव्याखाली धरा, बोट ठेवावे असे फारसे काही सापडत नाही. खोट आहे ती कागदाबाहेर. चाडच्या टपालखात्याने हे शीटलेट छापायला सांगितलेले नसते, तिथल्या कोणत्याही खिडकीवर ते विकले गेलेले नसते आणि पत्रावर चिकटवले तर ते पत्र पुढे सरकण्याचे कारण नसते. याला आम्ही संग्राहक बेकायदा तिकीट म्हणतो. जे दुकान कधी उघडलेच नाही, त्याची ही पावती.

नकली तिकीट आणि बेकायदा तिकीट यांची गल्लत नेहमी होते. ती आधी दूर केली पाहिजे, कारण माझा सगळा मुद्दा त्या फरकावर उभा आहे. नकली तिकिटाला अस्सल भाऊ असतो. १८५४ चे चार आण्याचे, राणीचे डोके उलटे छापले गेलेले तिकीट घ्या किंवा १९४८ च्या गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटावरचा 'सर्व्हिस' हा ठसा घ्या. दोन्हींच्या नकला बाजारात आहेत, पण अस्सल नमुना आहे म्हणून तुलना करता येते. शाई, कागद, अक्षराची जाडी, दोन रंगांमधले अंतर, एकेक गोष्ट पडताळता येते. जाँ द स्पेराती हा नकलाकारांचा महामेरू. १९४२ मध्ये फ्रेंच जकात अधिकाऱ्यांनी त्याची तिकिटे पकडली, तेव्हा तज्ज्ञांनी ती अस्सल ठरवून टाकली होती आणि 'ही मीच बनवली' हे सिद्ध करण्याची पाळी त्याच्यावरच आली. पुढे १९५४ मध्ये ब्रिटिश फिलाटेलिक असोसिएशनने त्याचा साठाच विकत घेतला आणि त्याच्या कामाचा अभ्यास झाला. स्पेरातीने डोळ्याला आव्हान दिले आणि डोळ्याने ते पेलले. बेकायदा तिकीट मात्र कशाचीच नक्कल करत नाही. त्याचे अस्सल रूप जगात नाही, त्यामुळे तुलना कशाशी करणार? शंभर-सव्वाशे वर्षांत संग्राहकाने कमावलेली नजर इथे निकामी ठरते. माझ्या मते बेकायदा तिकिटाने केलेले खरे नुकसान हे आहे. पैशाचे नुकसान त्यानंतर येते.

हा धंदा आजचा नाही. १८८८ मध्ये मायरेना नावाच्या फ्रेंच साहसवीराने आजच्या व्हिएतनामच्या डोंगराळ भागात स्वतःला सेदांगचा राजा म्हणवून घेतले आणि राज्याचा पत्ता नसताना राज्याची तिकिटे छापली. त्याच सुमारास निकोलस सीबेक याने ग्वाटेमालाच्या शेजारच्या एल साल्वादोरपासून दक्षिणेतल्या इक्वादोरपर्यंत काही देशांशी करार केले: छपाई फुकट, बदल्यात दरवर्षी नवी तिकिटे आणि उरलेला माल सीबेकचा. ती तिकिटे कायदेशीर होती, तरी संग्राहक इतके वैतागले की १८९५ मध्ये लंडनमध्ये अशा सट्टेबाज तिकिटांविरुद्ध एक संस्थाच उभी राहिली. १९६४ ते १९७२ या काळात अजमान, फुजैरा, उम्म अल कैवैन अशा आखाती अमिरातींच्या नावाने तिकिटांचा पूर आला. त्याच सुमारास 'नागालँड' आणि ओमानमधल्या 'धुफार'च्या नावानेही रंगीत लेबले निघाली. नागालँड १९६३ पासून भारताचे राज्य आहे, तिथले टपाल भारतीय टपालखातेच वाटते, हे त्या लेबलांच्या गिऱ्हाइकांना माहीत असण्याची गरज नव्हती. मग सोव्हिएत संघ फुटला आणि या धंद्याला सुगीचे दिवस आले. जॉर्जियापासून फुटू पाहणाऱ्या अबखाझियाच्या नावावर ग्राउचो मार्क्स आणि जॉन लेनन यांची जोडी छापली गेली. तुवा, बुर्यातिया, कारेलिया हे तर रशियाचेच भाग, पण त्यांच्याही नावाने 'स्वतंत्र' तिकिटे विकली गेली. यादवीत सापडलेला अफगाणिस्तान आणि १९९१ नंतर सरकारच कोसळलेला सोमालिया यांचीही नावे वापरली गेली. निवडीमागचे सूत्र उघड आहे. ज्या देशाच्या टपालखात्याला तक्रार करायला माणूस, पैसा किंवा वेळ नाही, त्याचे नाव घ्यायचे.

तक्रार महत्त्वाची, कारण सगळी यंत्रणा तिच्यावर चालते. १८७४ पासून काम करणाऱ्या आणि बर्नमध्ये मुख्यालय असलेल्या जागतिक टपाल संघाच्या नियमांनुसार टपाल तिकीट काढण्याचा अधिकार सदस्य देशाच्या अधिकृत यंत्रणेलाच आहे. 'टपाल तिकीट' ही संज्ञासुद्धा फक्त अशा तिकिटांसाठी राखून ठेवलेली आहे. एखाद्या देशाने 'आमच्या नावाने ही तिकिटे फिरत आहेत, ती आमची नाहीत' असे कळवले की संघ ते परिपत्रक काढून सगळ्या सदस्यांना पाठवतो. संघ स्वतः छापखान्यावर धाड घालू शकत नाही आणि देशाने कळवलेच नाही तर परिपत्रकही निघत नाही. दुसरा उपाय १ जानेवारी २००२ पासून सुरू झाला. डब्ल्यूएनएस या क्रमांक पद्धतीत देश आपले नवे तिकीट नोंदवतो आणि त्याला देशाची खूण, अनुक्रमांक आणि वर्ष असा क्रमांक मिळतो. क्रमांक असेल तर तिकीट अधिकृत, इतके निःशंक सांगता येते. उलटे मात्र सांगता येत नाही. सगळेच देश या पद्धतीत नाहीत आणि २००२ पूर्वीची तिकिटे तिच्यात नाहीत. म्हणून 'क्रमांक नाही, म्हणजे बेकायदा' हा निकाल घाईचा ठरतो. तिथून पुढे मोठ्या कॅटलॉगांच्या नोंदी, त्या देशाच्या खात्याची पत्रके आणि खरोखर टपालातून आलेली पाकिटे पाहावी लागतात. भिंग बाजूला ठेवून नोंदवही उघडायची, असा या छंदाच्या कसबात झालेला बदल आहे आणि तो पुष्कळांनी अजून मनावर घेतलेला नाही.

फटका सर्वांत जास्त बसतो तो विषयवार संग्रह करणाऱ्याला. एका देशाची तिकिटे जमवणाऱ्याला त्या देशाचा इतिहास पाठ असतो, त्यामुळे परके तिकीट तो चटकन ओळखतो. रेल्वे, बुद्धिबळ, फुलपाखरे किंवा गांधीजी हा विषय घेतलेल्याला मात्र दीड-दोनशे देशांच्या टपालखात्यांचा कारभार माहीत असणे शक्य नाही. गांधीजींचेच पाहा. १९६१ मध्ये अमेरिकेने परदेशातले पहिले गांधी-तिकीट काढले, १९६९ च्या जन्मशताब्दीला कितीतरी देश त्यात सामील झाले, आणि तेव्हापासून हा विषय भारतीय संग्राहकाच्या जिव्हाळ्याचा आहे. जिव्हाळा आहे तिथे मागणी आहे आणि मागणी आहे तिथे हे छापणारे आहेत. असा संग्राहक वर्षानुवर्षे पाने भरतो, सुंदर मांडणी करतो, महापेक्ससारख्या प्रदर्शनात फ्रेम लावतो, आणि ज्युरी चार ओळींत सांगतात की अमुक पानावरचे साहित्य अधिकृत नाही. आंतरराष्ट्रीय फिलाटेली महासंघाच्या विषयवार वर्गाच्या सूचनांमध्ये अशा तिकिटांना जागा नाही. गुण जातात, पण त्याहून वाईट म्हणजे उरलेल्या पानांकडेही संशयाने पाहिले जाते. विकायला गेले तर कॅटलॉगात नोंद नाही म्हणून भाव नाही. नवशिक्या मुलाच्या बाबतीत तर पहिल्याच पाकिटात असे दहा कागद निघतात आणि तिकिटाचा टपालाशी संबंध असतो हेच त्याला कळत नाही. तो चित्रे जमवतो आणि चित्रांचा कंटाळा आला की छंद सोडतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. अधिकृत म्हणवणारे देश तरी काय वेगळे करतात? परदेशातल्या एजन्सीशी करार होतो, त्या देशाने कधी न पाहिलेल्या नटनट्यांची, मोटारींची, पाळीव मांजरांची तिकिटे वर्षाला शेकड्यांनी निघतात, आणि त्यातली बरीचशी त्या देशाच्या खिडकीपर्यंत पोचतही नाहीत. मग त्यात आणि आपल्या घुबडांत फरक कोणता? फरक आहे आणि तो पैसा व जबाबदारी यांचा आहे. करार कितीही लालची असला, तरी त्यातला काही वाटा त्या गरीब देशाच्या टपालखात्याला मिळतो, आणि ते तिकीट पत्रावर लावून कुणी आणले तर ते पोचवण्याची जबाबदारी त्या खात्यावर असते. घुबडांच्या शीटलेटमागे कोणीच उभे नाही. उलट ज्या देशाचे नाव वापरले, त्याच्या हक्काचे गिऱ्हाईक छापणाऱ्याने पळवलेले असते. अतिरेकी छपाई ही वाईट चव आहे, ती नाकारण्याचा हक्क संग्राहकाला आहे आणि अमेरिकन फिलाटेलिक सोसायटीने १९६२ पासून अशा तिकिटांवर काळा ठिपका लावून तो बजावलाही. पण वाईट चव आणि चोरी यांना एकाच मापाने मोजले तर चोराची सोय होते.

दुसरा आक्षेप आपल्या घराजवळचा आहे. आझाद हिंदची तिकिटे १९४३ मध्ये बर्लिनमध्ये छापली गेली आणि एकाही पत्रावर रीतसर वापरली गेली नाहीत. तरी भारतीय संग्राहक ती जपून ठेवतो, त्यांना बऱ्यापैकी किंमत मोजतो. टपाल नसलेले तिकीट म्हणजे दुकान नसलेली पावती, हा न्याय त्यांना का लावायचा नाही? लावायचा, आणि त्यांना वापरलेल्या तिकिटांच्या रांगेत बसवायचे नाही. ती 'छापली पण वापरात न आलेली' म्हणून वेगळीच नोंदवली जातात. मात्र ती एका चळवळीने, उद्या आपले राज्य येईल आणि आपले टपाल चालेल या इच्छेने छापलेली आहेत. ती इच्छाच इतिहासाचा दस्तऐवज आहे. उत्तर सायप्रसचे उदाहरण याच्या पलीकडचे आहे. तुर्कस्तान सोडून कोणी त्या राज्याला मान्यता देत नाही, पण तिथली तिकिटे लावलेली पत्रे तुर्कस्तानमार्गे रोज जातात. म्हणून मी राजकीय मान्यता ही अखेरची कसोटी मानत नाही. कसोटी ही की, तिकीट कुणाच्या पत्रासाठी काढले होते. घुबडांच्या शीटलेटचे उत्तर 'कुणाच्याच नाही' असे येते. ते फक्त अल्बमसाठी जन्मले. सेदांगची तिकिटे आज हौसेने जमवली जातात हे खरे, पण सेदांग म्हणूनच, थापेची तिकिटे म्हणूनच. शंभर वर्षांनी घुबडांचाही कोणी असा अभ्यास केला तर हरकत नाही, फक्त त्यांच्या खऱ्या नावाखाली.

तिसरे म्हणणे असे की हे काम कायद्याचे आहे, संग्राहकाने का डोके फोडायचे? कायदा आहे, आणि तो पुष्कळांच्या कल्पनेपेक्षा जुना आहे. भारतीय दंड संहितेत १८९५ मध्ये कलम २६३अ घातले गेले. बनावट टपाल तिकीट करणे, जाणून विकणे, योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणे, हे त्यात गुन्हे ठरवले आहेत. 'शासन' या शब्दात परदेशी शासनही धरले आहे, म्हणजे चाडच्या नावाचे शीटलेट मुंबईत विकणाराही कलमाबाहेर नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम १८६ म्हणून आली. शिक्षा आजही दोनशे रुपयांपर्यंत दंड एवढीच आहे. म्हणजे चार-पाच शीटलेटे विकून दंड भरून निघतो. एवढ्यासाठी पोलीस धावपळ करतील अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. दंड वाढवावा हे योग्यच, पण ज्या बाजारात गिऱ्हाईक चित्र पाहून पैसे देतो तिथे मोठा दंडही फार काही करणार नाही.

तेव्हा काम आपल्याच हातात राहते आणि ते अवघड नाही. एकाच देशाच्या नावाचे, सगळ्या तिकिटांवर एकच किंमत असलेले, त्या देशाशी काडीचा संबंध नसलेल्या विषयाचे शीटलेट स्वस्तात समोर आले की खरेदी तिथेच थांबवावी, क्रमांक पाहावा, कॅटलॉग पाहावा, आणि विक्रेत्याला बिलावर 'अधिकृत तिकीट' असे लिहून मागावे. लिहून द्यायला कचरणाऱ्याकडून काही घेऊ नये. प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळांनी स्टॉल देतानाच ही अट घालावी. आणि जे आधीच अल्बममध्ये येऊन बसले आहेत, ते कागद निमूटपणे दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. अल्बम आपल्यानंतर वारसांकडे जातात, वारस ते व्यापाऱ्याला विकतात, आणि 'जुन्या संग्रहातला माल' या एका वाक्यावर बेकायदा तिकीट कुलवंत होऊन नव्या पिढीच्या हाती येते. ते फेकायचे नसेल तर शीटलेटच्या मागे, गमवरच, न पुसणाऱ्या शाईने 'बेकायदा' एवढे लिहा आणि मग हवे तर ठेवा.