बाबांचं चार्टर

चार्टर्ड प्लेन म्हटलं की काय आठवतं? गॉगलवाले हीरो, दिवसाला चार सभा घेणारे नेते, फार तर स्वित्झर्लंडला लग्न लावायला निघालेला एखादा उद्योगपती. मलाही तेच आठवायचं. पण सप्टेंबर २०२५ मधल्या एका रात्री दोन वाजता पुण्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये मी एका छोट्या जेटचं कोटेशन उघडून बसले होते.

ताईच्या बाळंतपणासाठी आई-बाबा अकोल्याहून लंडनला गेले होते. तिथे बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आठव्या दिवशी पहिला शब्द फुटला, ‘घरी’. मग दिवसभर तेवढंच. इन्शुरन्स होता, पण ‘कायले फुकटचा खर्च’ म्हणून बाबांनी सगळ्यात स्वस्तातला घेतलेला. बीपीचा जुना आजार त्यात बसतच नव्हता.

मला वाटलं होतं, चार्टर म्हणजे ओला-उबरसारखं. बसा आणि थेट दारात उतरा. हा फंडा पहिल्याच फोनमध्ये निकालात निघाला. लंडन ते नागपूर साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास. आमच्या बजेटजवळ जाणारं (‘जवळ’ हा शब्द सौजन्याने वापरतेय) छोटं जेट एका दमात साडेतीन हजारच्या वर जात नाही. म्हणजे इस्तंबूलला तेल भरा, दुबईला पुन्हा भरा, मग नागपूर. मोठं नेहमीचं विमान लंडनहून मुंबईला नऊ-साडेनऊ तासांत येतं. हे धरून चाला तेरा. वर प्रत्येक देशाची परवानगी वेगळी. आत माणसाला ताठ उभं राहता येत नाही. स्ट्रेचर, डॉक्टर, नर्स, ऑक्सिजन बसवल्यावर नातेवाईकासाठी एखादीच सीट. विमान रिकामं परत जाणार, त्या उड्डाणाचे पैसेही आपलेच. पैसे प्रवासाचे नसतात हो, विमानाच्या घड्याळाचे असतात.

आकडा असा होता, की गोरक्षण रोडवरचा बाबांचा प्लॉट विकला असता तरी थोडे कमीच पडले असते.

ताई म्हणाली, विकू. मीही म्हटलं, विकू. आई फोनवर गप्प.

अमरावतीच्या मामांना मात्र पैशांपेक्षा उतरण्याचीच चिंता. ‘नागपूरले कायले? आमच्या बेलोऱ्याले उतरवा ना! नाहीतर तुमच्या शिवणीले.’ त्यांना समजावता समजावता मलाच सगळं पाठ झालं. परदेशातून येणाऱ्या विमानाला आधी कस्टम्स आणि इमिग्रेशन असलेल्या विमानतळावरच उतरावं लागतं, आमच्यासाठी तो जवळचा म्हणजे नागपूर. शिवणीची धावपट्टी दीड किलोमीटरचीही नाही. ती वाढवायच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. म्हणजे एवढी उधळण करूनही शेवटचे अडीचशे किलोमीटर अॅम्ब्युलन्सच!

निर्णय शेवटी बाबांनीच घेतला. ताईने व्हिडिओ कॉलवर त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी डाव्या हाताने पैशाची खूण केली. तिने आकडा सांगितला. ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले आणि मान हलवली. नाही. मग थांबत थांबत म्हणाले, ‘बसता... आलं की... जाऊ.’

मला राग आला होता, हे कबूल करते. त्या वयात, त्या अवस्थेत माणूस प्लॉटचा विचार कसा करू शकतो! आणि दरम्यान काही झालं असतं तर? त्या पाच आठवड्यांत फोन वाजला की माझे हात गार पडायचे.

पण ते बसायला शिकले. फिजिओथेरपिस्ट मुलीला ‘बाप्पा, हळू’ म्हणायलाही शिकले, असं ताई सांगते. एअरलाइनचा मेडिकल फॉर्म पास झाला. सोबत नर्स, आडवी होणारी बिझनेस क्लासची सीट, लंडन ते मुंबई. तेही स्वस्त नव्हतंच, पण प्लॉट वाचला.

मुंबईहून पुढे? बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची विमानसेवा सुरू झाली होती. पंख्याचं एटीआर विमान, त्या जेटपेक्षा मोठंच. मी मुंबईत त्यांच्यासोबत चढले. बाबा पूर्ण वेळ खाली बघत होते. धावपट्टी दिसली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. उजव्या हाताने. पकड ढिली होती, पण उजव्या हाताने.

बाहेर मामा गाडी घेऊन उभे, हातात गिल्या वड्यांचा डबा. पुढचा अकोल्याचा रस्ता तोच, ज्यातल्या लोणी ते माना पट्ट्यात जून २०२२ मध्ये १०५ तासांत पंचाहत्तर किलोमीटरची एक लेन करून गिनेस रेकॉर्ड झालं होतं. बाबा मूर्तिजापूर यायच्या आत झोपले. मामांनी आरसा फिरवून त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली करून मला म्हणाले,

‘पायलं का माय? म्या म्हटलं नव्हतं, बेलोऱ्याले उतरवा म्हणून?’