तात्या विंचू घोडपदेवच्या गल्लीत

भायखळ्याच्या पोरांना भुताची ओळख करून दिली ती रामसे बंधूंच्या भयपटांनी. ‘पुराना मंदिर’ १९८४चा, ‘वीराना’ १९८८चा. जुनी हवेली, करकरणारं दार, वादळी रात्र, सगळं तोंडपाठ. तरी दार करकरलं की शेजारच्याचा दंड धरला जायचाच. मग १९९३ साली महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ आला आणि भूत हवेली सोडून बाहुल्यात शिरलं.

मूळ कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८च्या अमेरिकन चित्रपटाची. पण त्याला नुसती नक्कल म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. तिकडे खुनी बाहुला लहान मुलाच्या हाती पडतो आणि मोठी माणसं पोराचं ऐकत नाहीत. भयपटांचा हा ठरलेलाच शिरस्ता. कोठारेंनी बाहुला दिला तो बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या लक्ष्याला! ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करणं हाच ज्याचा धंदा, त्याने ‘हा आपणहून बोलतोय हो’ म्हणून कितीही बोंब ठोकली तरी विश्वास कोण ठेवणार? लक्ष्या झालेल्या लक्ष्मीकांत बेर्डेंची बोबडी वळायची तेव्हा आम्ही पोट धरून हसायचो, आणि पुढच्याच क्षणी पाय वर घेऊन बसायचो.

घोडपदेवच्या आमच्या गल्लीत सार्वजनिक पूजेच्या रात्री भर रस्त्यात पडदा लागायचा. पुढे जागा नाही मिळाली तर पडद्यामागे बसायचं. तिकडून अक्षरं उलटी दिसायची आणि डावखुरा नसलेला माणूस डाव्या हाताने पिस्तूल चालवायचा. बाहुल्यातला तात्या विंचू मात्र दोन्हीकडून सारखाच भेसूर. सिनेमा संपल्यावर खरी परीक्षा. चाळीतला संडास गॅलरीच्या पार टोकाला, तिथला दिवा कायम गेलेला. त्या रात्री एकेकटं कुणी गेलं नाही. पाच-सहा जणांची वरात निघाली, बादल्यांसकट.

तो बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला खिदळणारा ससाही पाध्यांचाच, हे कळल्यावर ससासुद्धा काही दिवस संशयास्पद वाटू लागला होता.

आता चाळीच्या जागी टॉवर आहे, संडास घरात आहे. सिनेमाला आम्ही जातो ते लोअर परळला, जिथे पूर्वी फिनिक्स गिरणी होती त्या मॉलमध्ये. भूतही आपलंच भेटतं. ‘झोंबिवली’त डोंबिवलीकरांना झोंबी करणाऱ्या आदित्य सरपोतदारांनी २०२४ साली ‘मुंज्या’ आणला. कोकण, पिंपळ, सोडमुंजीआधी मेलेला पोरगा, सगळा ऐवज घरचा. फक्त भाषा हिंदी. हसवता हसवता दचकवायची कोठारेंची युक्ती इथेही चालली, आणि थिएटर भरलं. पण मुंज्या संगणकातून निघालेला. नटांनी बघायचं ते रिकाम्या जागेकडे. बेर्डेंच्या नरड्याला धरायला मात्र खराखुरा बाहुला होता, आणि ती झटापट अंगावर आल्याचं पडद्यावर दिसतं.

२०१३ साली ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आला. बाहुला चष्म्यातून पार नाकाशी आला, पण समोर लक्ष्या नव्हता. बेर्डे २००४मध्येच गेले. पोरांना दाखवायचाच असेल तर पहिला दाखवा.