आगर

उरणच्या खारेपाटात जन्मलेल्या माणसाला मीठ समुद्रातून येते हे शिकवावे लागत नाही. उधाणाचे पाणी आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हावर आटवायचे, आणि पांढरे दाणे धरले की ओढून ढीग घालायचा. बाबांचा सारा उन्हाळा यातच जाई. मिठासाठी वाळवंट खणावे लागते, हे शाळेत मुलांना सांगत असूनही माझ्या मनाला कधी पटले नव्हते.

2019 च्या डिसेंबरात पुतण्याच्या गाडीतून आम्ही घरची माणसे कच्छला निघालो होतो. विरमगाम-पाटडीच्या वाटेने खारघोड्याला चहापुरते थांबलो. छोट्या रणाच्या काठचे हे गाव मिठावरच जगते. चहा झाल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, आलोच आहोत तर रण पाहू या."

झाड नाही की झुडूप नाही. तडकलेली भुई आणि पुढे पुढे पळणारे मृगजळ. पावसाळ्यात हे सारे पाण्याखाली असते. पाणी ओसरले की अगरिया कुटुंबे मुलाबाळांसह येतात, विहिरीसारखा खड्डा खणतात, आणि जमिनीच्या पोटातले, समुद्राहून कितीतरी खारट पाणी उपसून वाफ्यांत सोडतात. पूर्वी डिझेलचा पंप धडधडे, आता बऱ्याच ठिकाणी सौरपंप आले आहेत. उन्हाळा तापेपर्यंत मुक्काम तिथेच. पायांखाली एवढे पाणी, पण पिण्याचे पाणी मात्र टँकरने यायचे.

एका खोपटाशी थांबलो. तिथल्या बाईने चहा पुढे केला नि विचारले, "भाई, तुमच्याकडे खड्डा किती खोल?"

"बेन, आमच्याकडे खणत नाहीत," मी मोडक्या हिंदीत म्हणालो. "भरतीला समुद्रच दारी येतो."

"आपोआप?" ती पाहतच राहिली. मग हसून म्हणाली, "मग तुम्ही राजे लोक!"

मी तिच्या पायांकडे पाहत होतो. वाफ्याची जमीन तुडवून टाचा दगडासारख्या झालेल्या, भेगाभेगांत मीठ. संध्याकाळी ओटीवर बसून बाबा खोबरेल चोळायचे, ते हेच पाय. अगरियाचे पाय चितेवर जळत नाहीत, असे तिकडे सांगतात. राजाचे पाय म्हणे! बाबा असते तर पोट धरून हसले असते.

संस्कृतात खाणीला 'आकर' म्हणतात. आपल्या 'आगर' शब्दाचे मूळ त्यातच सांगतात. आगरात राबणारे आमचे आगरी, आणि रणातले ते अगरिया. परतताना हे सांगितले तेव्हा पुतण्या म्हणाला, "म्हणजे काका, आपले आजोबा खाणकामगारच की!" त्याने मिठागर पाहिलेले नाही. 1970 नंतर खाडीपलीकडे नवी मुंबई उभी राहिली, 1989 साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, आणि आमच्या भागातली कितीतरी मिठागरे भरावाखाली गेली. बाबा राबले तिथे आज खडी-मातीचे सपाट मैदान आहे. आगर गेले, आगरी हे नाव तेवढे राहिले.

आपला दिवाळी पाडवा म्हणजे गुजरातेतला वर्षारंभ. त्या पहाटे तिकडे 'सबरस' अशी हाक देत मीठ विकायला येतात, आणि घरोघर ते शकुनाचे म्हणून घेतात. यंदा आपल्याकडे फराळाची ताटे फिरतील, तेव्हा ते खोपटे बहुधा पुन्हा उभे राहिले असेल, आणि तिच्या घरची माणसे नव्या खड्ड्याची पहिली माती काढत असतील. त्यांच्या खड्ड्याला पाणी लवकर लागो!