न धावता मिळालेल्या धावा

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले आहेत. त्या एका नोंदीसाठी पीटर गिलिव्हर या कोशकाराला नऊएक महिने लागले. १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती, पुढच्या फेरमांडणीत ‘रन’ने तिला मागे टाकले. हा आकडा कुणी इंग्रजीच्या श्रीमंतीचा पुरावा म्हणून सांगतो, कुणी तिच्या बेशिस्तीचा. मला दोन्ही पटत नाही. पायांनी वेगाने जाणे हा अर्थ घेऊन निघालेला शब्द आधी पाण्याला लागला, मग घड्याळाला, गिरणीला, आगगाडीला, आणि अखेर संगणकावरच्या प्रोग्रॅमला. पाय मागे पडले, अखंड गती तेवढी उरली. यंत्र ‘धावते’ असे एकदा म्हटले की ते धावते ठेवणाऱ्यासाठीही तेच क्रियापद येते, आणि तिथून कारखाना, दुकान, सरकार चालवण्यापर्यंतचा रस्ता सरळ आहे. हा रस्ता एकट्या इंग्रजीचा नव्हे. जर्मनमध्ये यंत्र धावते, फ्रेंचमध्ये आणि आपल्याकडे ते चालते. वेग वेगळा, वाट तीच.

मग क्रिकेटकडे पाहा. चेंडू सीमारेषेपार गेला की कुणीही न धावता चार ‘रन’ मिळतात, आणि मराठीतही आपण त्यांना निःशंकपणे धावाच म्हणतो. कोशकार याचा वेगळा अर्थ नोंदवील, खेळ पाहणाऱ्या पोराला तो कुणी शिकवावा लागत नाही. म्हणून ६४५ ही संख्या बोलणाऱ्याच्या डोक्यातल्या कप्प्यांची नाही; छटा कुठे तोडायची, याविषयी कोशकाराने विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयांची आहे.

यावर रास्त आक्षेप असा, की सगळेच असे तर्काने उलगडत नाही. ‘रन’ला ‘डाउन’ जोडले की एखाद्याची निंदा करणे हा अर्थ कसा निघतो? निवडणुकीत अमेरिकेतला उमेदवार ‘धावतो’ आणि ब्रिटनमधला ‘उभा राहतो’, याला भाषेचे कोणते तर्कशास्त्र? हे मान्यच करायला हवे. मूळ अर्थावरून नवा अर्थ का शक्य झाला एवढे कळते. तोच का रुजला, हे त्या त्या समाजाच्या सवयीने ठरते. पण त्यावरून अर्थांच्या याद्या पाठ करवून घेण्याचे समर्थन होत नाही. आपल्या वर्गांत अजून तसे घडते, आणि त्याचे मला वाईट वाटते. ‘रन’चा अर्थ एकट्या ‘रन’मध्ये नसतोच, नदी, दुकान, ताप, उमेदवार असा सोबतचा शब्द आला की तो ठरतो. मुलांसमोर ठेवायची ती ही जोडी, पूर्ण वाक्यात.